एसी घेण्याआधी खोलीची उष्णता मोजा

एप्रिल लागला की एसीच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "खोली किती बाय किती?" तुम्ही "दहा बाय बारा" म्हणता, समोरचा "दीड टन घ्या" म्हणतो आणि पुढची सगळी बोलणी कंपनी, ऑफर आणि हप्त्यांवर होतात. खोली कुठल्या मजल्यावर आहे, वर गच्ची आहे का, खिडकी कुठल्या दिशेला आहे, घर मालवणात आहे की अकोल्यात, हे कुणी विचारतच नाही. खरं तर एसी कसा चालेल आणि बिल किती येईल, हे याच गोष्टींवर ठरतं. म्हणून एसीची निवड दुकानात न करता त्या खोलीत उभं राहून करावी, असं माझं ठाम मत आहे. हातात टेप, कागद आणि पेन एवढंच लागतं.

टन म्हणजे किती

एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून उचलून बाहेर टाकणारा एसी तो एक टनाचा. आकड्यांत सांगायचं तर ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं ब्रिटिश एकक) किंवा साधारण ३.५ किलोवॅट. हा वीज खाण्याचा आकडा नाही. पूर्ण ताकदीने चालताना एक टनाचा एसी साधारण एक किलोवॅट वीज घेतो आणि त्या बदल्यात साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर नेतो.

बाजारात 'दीड टन' म्हणून विकली जाणारी सगळी मशीन सारखी नसतात. हिशेबाने दीड टन म्हणजे ५.२८ किलोवॅट व्हायला हवेत, पण त्या नावाखाली ४.७ किलोवॅटचीही मशीन मिळतात आणि ५.२ ची सुद्धा. तेव्हा टन ऐकून सोडून द्या आणि लेबलवर वॅटमध्ये दिलेली क्षमता वाचा. दोन मॉडेलांच्या किमतीत फरक का आहे, याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं.

खोलीत उष्णता कुठून येते, त्याचा हिशेब

हा भाग थोडा सावकाश वाचा, पुढचं सगळं यावर उभं आहे. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची एक झोपायची खोली धरू. पश्चिमेला चार बाय चारची काचेची सरकती खिडकी आहे आणि खोलीत तीन माणसं झोपतात. महिना मे, वेळ दुपारी चारची.

पश्चिमेच्या त्या खिडकीतून थेट ऊन आत येत असेल तर ती एकटी सुमारे ७०० वॅट उष्णता आत ओतते. उन्हात तापलेली पश्चिमेची भिंत साधारण ३०० वॅट देते, बाकीच्या भिंती आणि शेजारच्या गरम खोल्या मिळून आणखी ३००. माणूस नुसता बसला तरी त्याच्या अंगातून शंभर वॅटच्या आसपास उष्णता बाहेर पडते, म्हणजे तिघांचे ३००. टीव्ही, दिवे, पंखा यांचे दीडशे. फटींमधून आणि दार उघडताना बाहेरची गरम, ओलसर हवा आत शिरते. मुंबईसारख्या हवेत तिचेच साडेतीनशे-चारशे वॅट होतात. सगळं मिळून सव्वादोन किलोवॅटच्या आत बसतं. म्हणजे मधल्या मजल्यावरच्या या खोलीला एक टन पुरतो आणि वर थोडी ताकद शिल्लकही राहते.

आता हीच खोली गच्चीखाली घ्या. सहा इंची उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि त्याची उष्णता चार-पाच तास मागून खाली उतरते. एवढ्या क्षेत्रफळाचा स्लॅब आणखी सुमारे एक किलोवॅट उष्णता आत सोडतो. बेरीज ३.१ ते ३.२ किलोवॅटवर जाते आणि एक टनाचं मशीन अगदी काठावर येतं. वरच्या मजल्यावरच्या लोकांना रात्री अकरापर्यंत खोली गार होत नाही असं वाटतं, ते यामुळेच. सूर्य मावळलेला असतो, पण स्लॅब मावळत नाही.

असा हिशेब करायचा कंटाळा असेल तर ठोकताळा सांगतो. मधल्या मजल्यावर १२० चौरस फुटांपर्यंत एक टन, १२० ते १८० ला दीड, त्यापुढे २४० पर्यंत दोन टन. वर गच्ची असेल, पश्चिमेला मोठी काच असेल किंवा खोलीत रोज पाच-सहा माणसं बसत असतील तर अर्धा टन वाढवा. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नसेल तर मात्र हा ठोकताळा चालत नाही. तिथे गॅसच्या शेगडीची उष्णता थेट हॉलमध्ये येते, चिमणी किंवा एक्झॉस्ट गार हवा ओढून बाहेर फेकते आणि तिची जागा बाहेरची तापलेली हवा घेते. अशा घरात एसी झोपायच्या खोलीत लावावा आणि हॉलसाठी पंख्यावर भागवावं. हॉलला हवाच असेल तर मध्ये जाड पडदा किंवा सरकतं दार बसवून मग टन मोजावेत.

मशीन मोठं करण्याआधी खोलीवर इलाज

वरच्या हिशेबात दोन मोठे आकडे आहेत, स्लॅबचे एक हजार वॅट आणि खिडकीचे सातशे. हे दोन्ही कमी करता येतात आणि तो खर्च अर्ध्या टनाच्या जादा मशीनपेक्षा, त्याच्या जादा बिलापेक्षा बहुतेक वेळा कमी पडतो.

गच्चीवर पांढरा रंग द्या. बाजारात उन्हाची उष्णता परतवणारे खास रंग मिळतात. तेही परवडत नसतील तर दरवर्षी मार्चमध्ये चुन्याचा जाड हात मारला तरी फरक पडतो. चायना मोझेकचे पांढरे तुकडे बसवलेली गच्ची याच कारणाने गार राहते, मात्र त्यावरची धूळ आणि शेवाळ धुवायला हवं. हिरवी शेडनेट गच्चीपासून दोन-तीन फूट उंच बांधली, म्हणजे तिच्याखालून वारा खेळेल अशी, तर ती उत्तम काम करते. नुसती स्लॅबवर अंथरून उपयोग नाही.

खिडकीचं ऊन काचेच्या बाहेर अडवायचं असतं. एकदा ते काच ओलांडून आत आलं की पडदा कितीही जाड असो, पडदाच तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बाहेरून बांबूची चिक, छज्जा, सावलीचं कापड, अगदी खिडकीबाहेरच्या वेलीसुद्धा आतल्या पडद्यापेक्षा जास्त काम करतात. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या फटींत ब्रशची किंवा रबराची पट्टी भरून घ्या आणि दाराखालची फट बंद करा.

कोकणातल्या कौलारू घराला किंवा पत्र्याच्या खोलीला आहे त्या स्थितीत एसी लावू नका. कौलांच्या फटींतून गार हवा निघून जाते आणि पत्रा दुपारी हाताला चटका बसेल इतका तापतो. आधी खाली सीलिंग करा, वर उष्णता अडवणारा थर द्या, आणि मग एसीचा विचार करा. हा क्रम उलटा झाला तर दोन टनसुद्धा पुरणार नाहीत.

तुमच्या गावची हवा कोरडी की दमट

महाराष्ट्रात उन्हाळा एकाच तऱ्हेचा नाही. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव इथे पारा ४५ च्या वर जातो, पण हवा कोरडी असते. मुंबई, रत्नागिरीला पारा ३४-३५ वर थांबतो, मात्र अंगाला चिकटणारा दमटपणा जीव नकोसा करतो. या दोन ठिकाणी एसीचं काम वेगळं असतं.

कोरड्या भागातल्या वाचकांनी आधी कूलरचा विचार करावा, हे मी मनापासून सांगतो. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना चांगल्या ताट्यांचा कूलर २९-३० अंशांची हवा देतो आणि एसीच्या मानाने फारच थोडी वीज घेतो. विदर्भातल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या वाळ्याच्या ताट्यांवर उन्हाळे काढले, ते उगाच नाही. मात्र मृगाचा पाऊस पडला की कूलर निकामी होतो आणि पाणीटंचाईच्या गावात तो भरायचा कशाने, हाही प्रश्न असतोच. एसी आणि कूलर एका खोलीत एकाच वेळी कधीही चालवू नका. कूलरला उघडी खिडकी लागते आणि एसीला बंद. शिवाय कूलरने हवेत घातलेलं पाणी एसीला परत काढत बसावं लागतं.

विदर्भ-खानदेशात एसीच घ्यायचा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. एसीची लेबलवरची क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. बाहेर ४५-४६ असताना तेच मशीन कमी उष्णता उचलतं आणि वीज जास्त घेतं. म्हणून तिथे हिशेबापेक्षा थोडं मोठं मशीन घेणं शहाणपणाचं ठरतं. जास्तीत जास्त किती तापमानापर्यंत ते चालेल आणि त्या तापमानाला किती क्षमता देईल, हे माहितीपत्रकात बघावं. '५२ अंशांपर्यंत चालतो' असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ 'बंद पडत नाही' एवढाच. पूर्ण गार करतो असा नाही.

किनारपट्टीवर याच्या उलट. तिथे एसीने नुसती हवा गार करून भागत नाही, हवेतलं पाणीही काढायला हवं. ते पाणी एसीच्या आतल्या गार कॉईलवर, म्हणजे गॅस फिरणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर साचतं आणि नळीने बाहेर जातं. मशीन खोलीच्या मानाने फार मोठं असेल तर ते दहा मिनिटांत तापमान खाली आणतं आणि मंद होतं किंवा थांबतं. पाणी काढायला वेळच मिळत नाही, आणि खोली गार पण ओलसर राहते; चादर दमट लागते, कपाटात बुरशी येते. म्हणून किनाऱ्यावर 'थोडं मोठंच घेऊया' हा सल्ला ऐकू नये.

किनाऱ्यावर खारा वारा कॉईलही खातो. कॉईल तांब्याची असावी, फिन्सवर, म्हणजे तिच्या पातळ पट्ट्यांवर, गंज अडवणारा निळा किंवा सोनेरी थर असावा आणि आउटडोअर युनिट समुद्राकडे तोंड करून लावू नये. ॲल्युमिनियमची कॉईल वाईट असते असं नाही, पण तिला भोक पडलं तर गावातल्या मेकॅनिकला ते भरणं अवघड जातं. तांब्याचं काम बहुतेकांना येतं. सांडपाण्याच्या उघड्या नाल्याशेजारच्या घरांत मात्र तांब्याच्याच कॉईल लवकर गळू लागतात, कारण नाल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांबं कुरतडतो. तिथे कॉईलवर संरक्षक थर आहे का आणि कॉईल वॉरंटीत आहे का, हे दोन्ही विचारून घ्या.

विंडो की स्प्लिट

स्वतःच्या घरात, आउटडोअर युनिट ठेवायला आणि पुढे त्याच्यापर्यंत पोचायला जागा असेल तर स्प्लिट घ्या. आवाज कमी, निवड मोठी, खिडकी मोकळी राहते. भाड्याच्या घरात, विशेषतः अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांनी विंडोचा विचार जरूर करावा. तो काढणं-बसवणं सोपं असतं आणि नळ्या जोडायच्या नसल्याने गॅस गळण्याची शक्यताही कमी. स्प्लिट प्रत्येक वेळी हलवताना गॅस आउटडोअरमध्ये जमा करून घ्यावा लागतो, भिंतीला भोक पाडावं लागतं आणि त्यासाठी मालकाची परवानगी लागते. विंडोसाठी चौकट पक्की हवी, कारण दीड टनाच्या मशीनचं वजन पन्नास किलोच्या आसपास असतं. सरकत्या खिडकीत तो थेट बसत नाही, एक भाग कायमचा बंद करून आधार द्यावा लागतो.

एका नळीचा चाकांवरचा पोर्टेबल एसी शेवटचा पर्याय समजा. तो खोलीतलीच गार हवा वापरून उष्णता बाहेर फेकतो, त्यामुळे तेवढीच गरम हवा फटींतून आत ओढली जाते.

तारे, इन्व्हर्टर आणि बिल

इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालतो किंवा पूर्ण बंद होतो. रात्री सात-आठ तास एसी चालवणाऱ्याला इन्व्हर्टरचा स्पष्ट फायदा आहे. वीज गेल्यावर घरच्या बॅटरीवरच्या इन्व्हर्टरशी मात्र याचा काही संबंध नाही. इन्व्हर्टर एसी म्हणजे बॅटरीवर चालणारा एसी, असं समजून घेणारे अजूनही भेटतात. पंखे-दिव्यांसाठी घेतलेल्या घरगुती इन्व्हर्टरला एसीचा भार झेपत नाही.

ताऱ्यांचं लेबल ऊर्जा दक्षता ब्युरो ठरवतो. त्यावर आयएसईईआर (ISEER) नावाचा आकडा असतो, म्हणजे एक युनिट विजेत मशीन हंगामभरात सरासरी किती युनिट उष्णता बाहेर टाकतं. तारे मोजण्यापेक्षा हा आकडा वाचा, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात. जानेवारी २०२६ पासून ते पुन्हा बदलले, त्यामुळे २०२५ च्या लेबलवरचे पाच तारे आणि २०२६ च्या लेबलवरचे पाच तारे सारखे नाहीत. जुना माल सवलतीत मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण तुलना आकड्याची आकड्याशी करा.

लेबलवर वर्षभरात लागणारे युनिटही लिहिलेले असतात आणि ते १६०० तासांच्या वापरावर मोजलेले असतात. म्हणजे रोज आठ तास, वर्षातले दोनशे दिवस. तुमचा वापर तेवढा आहे का? समजा दीड टनाच्या तीन तारे मॉडेलवर १००० युनिट लिहिलेत आणि पाच तारे मॉडेलवर ७५०. पुण्यात मार्च ते मे तीन महिने, रोज आठ तास एसी चालवणाऱ्याचे ७२० तास होतात. त्याची बचत सुमारे ११२ युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाला १,३५० रुपये. मॉडेलांच्या किमतीत आठ हजारांचा फरक असेल तर तो भरून यायला सहा वर्षं लागतील. मुंबईत वर्षाकाठी २००० तास चालवणाऱ्याची बचत ३१२ युनिट, म्हणजे ३,७५० रुपये. त्याचे आठ हजार दोन-सव्वादोन वर्षांत वसूल. तेव्हा 'पाच तारेच घ्या' किंवा 'तीन पुरेत' असं सरसकट सांगता येत नाही. आपले तास मोजा, लेबलवरच्या युनिटांना १६०० ने भागा, आपल्या तासांनी गुणा.

दर कुठला धरायचा? महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात आणि वरच्या टप्प्याचा दर जास्त असतो. एसीचे युनिट तुमच्या नेहमीच्या वापरावर चढतात, म्हणून ते सगळ्यात महाग टप्प्यात पडतात. मागच्या मे महिन्याचं बिल समोर घ्या, शेवटचा टप्पा कुठला लागला ते बघा आणि त्याच दराने हिशेब करा. बिलाच्या सरासरीने केलेला हिशेब फसवतो.

गॅसबद्दल थोडक्यात. आज नव्या मशीनांत बहुतेक आर-३२ असतो. जुन्या आर-४१०ए चा तापमानवाढीवरचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त आहे, आर-३२ चा ६७५ पट. आर-२९० चा जेमतेम तीन पट, पण तो प्रोपेन असल्याने ज्वलनशील आहे आणि त्याच्या कामाला प्रशिक्षित माणूसच लागतो. जुना आर-२२ वाला एसी कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

वायरिंग आधी, मशीन नंतर

मशीन घरी यायच्या आत वायरमनला बोलवा. एसीसाठी डीबीपासून, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य पेटीपासून, स्वतंत्र लाईन हवी. दीड टनासाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), जाड पिनांचं पॉवर सॉकेट आणि तपासून घेतलेलं अर्थिंग. गिझरच्या किंवा मायक्रोवेव्हच्या लाईनवर एसी जोडू नका. जुन्या चाळीत आणि वाड्यात अर्थिंग नावालाच असतं. तिथे हा खर्च टाळू नका, यात जिवाचा प्रश्न आहे. बिलावरचा 'मंजूर भार' बघा. दुसरा एसी घेत असाल तर तो वाढवून घ्यावा लागू शकतो.

स्टॅबिलायझर सगळ्यांना लागत नाही. बऱ्याच इन्व्हर्टर मॉडेलांना व्होल्टेजमधला मोठा चढउतार चालतो आणि ती मर्यादा माहितीपत्रकात छापलेली असते. संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज किती खाली जातं ते वायरमनकडून दोन-तीन दिवस मोजून घ्या. मर्यादेत असेल तर स्टॅबिलायझरचे पैसे वाचले. कृषी पंपांमुळे गावात व्होल्टेज १४०-१५० वर येत असेल तर मात्र तो घ्याच.

बसवताना डोळ्यांत तेल घालून उभे राहा

चांगलं मशीन वाईट बसवलं तर ते वाईटच मशीन होतं. बसवणारा मे महिन्यात दिवसाला पाच-सहा घरं करत असतो, घाईत असतो. त्याला पाणी विचारा, सावलीत बसवा, आणि पुढच्या गोष्टी स्वतः बघा.

इनडोअर युनिट कुठे? हवा खोलीच्या लांबीच्या दिशेने जावी, पण थेट झोपणाऱ्याच्या डोक्यावर नको. जमिनीपासून सात-आठ फुटांवर, वर हवा ओढायला छतापासून अर्धा फूट तरी मोकळं. विजेच्या बोर्डावर आणि टीव्हीच्या वर नको, कारण कधीतरी पाणी टपकणारच. बरेचदा जागा ठरते ती ड्रेनच्या नळीमुळे. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं आणि नळीला सलग उतार हवा, मध्ये कुठेही वर चढ नको. काम झाल्यावर बाटलीभर पाणी आतल्या ट्रेमध्ये ओतायला सांगा आणि ते बाहेर पडतंय का बघा. नळीचं टोक खालच्या मजल्याच्या छज्ज्यावर सोडू नका. टपटपण्यावरून सोसायट्यांत जेवढी भांडणं होतात, तेवढी पार्किंगवरूनही होत नसतील.

आउटडोअर युनिटला मोकळी हवा हवी. पुण्याकडच्या इमारतींत ते ड्राय बाल्कनीत किंवा जाळी लावलेल्या शाफ्टमध्ये कोंबतात. तिथे त्याने फेकलेली गरम हवा तेच पुन्हा ओढतं. बाहेर ३८ अंश असले तरी त्या कोपऱ्यात पन्नास होतात आणि महागातलं पाच तारे मशीन तीन ताऱ्यांच्या बिलावर येतं. मागे किमान अर्धा फूट आणि समोर चार-पाच फूट मोकळं ठेवा. वर सावली मिळाली तर चांगलंच, पण चहूबाजूंनी पेटी करू नका. त्याच्यापर्यंत माणूस सुरक्षित पोचेल अशीच जागा निवडा. सर्व्हिसला येणाऱ्याने दोरीशिवाय बाहेर लटकायचं, हे आपल्या घरी होऊ देऊ नये.

नव्या इमारतींत बाहेरच्या भिंती बऱ्याचदा सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यात साधा फास्टनर धरत नाही, काही महिन्यांच्या कंपनाने सैल होतो. स्टँड काँक्रीटच्या बीमवर घ्या किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट टाकून आतून पट्टी लावून घ्या. सोसायटीची परवानगी आधीच काढा. काही ठिकाणी आउटडोअरची जागा ठरवून दिलेली असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्हॅक्यूम. नळ्या जोडल्यावर आत हवा आणि तिच्याबरोबर ओलावा राहतो. तो पंपाने ओढून काढायचा असतो. पंप पंधरा-वीस मिनिटं चालवून, मग बंद करून दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा जागेवर राहतो का ते बघायचं. काटा सरकला तर कुठेतरी गळती आहे. बरेच जण हे टाळतात आणि मशीनमधला थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतात. त्याने ओलावा जात नाही. तो तेलात मिसळून आम्ल बनवतो आणि तीन-चार वर्षांनी कॉम्प्रेसर जातो. तेव्हा कुणालाच कारण कळत नाही. बसवायची वेळ ठरवतानाच फोनवर विचारा, "व्हॅक्यूम पंप आणणार ना?" नसेल तर दुसरा दिवस घ्या.

दुकानात काय विचारायचं

आता दुकानात जा. हातात टन, विजेचा दर आणि तास असे तीन आकडे असतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलात तोच लागलाय का बघा. जमलं तर खरेदी दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करा, तेव्हा भाव करता येतो आणि बसवणाऱ्यालाही वेळ असतो.

'दहा वर्षं वॉरंटी' बहुतेक फक्त कॉम्प्रेसरची असते. इन्व्हर्टर एसीत जास्त जातं ते इलेक्ट्रॉनिक सर्किट, म्हणजे पीसीबी, आणि ते महाग असतं. पीसीबीला किती वर्षं, कॉईलला किती, गळती झाल्यास गॅसचे पैसे कोणाचे, हे तिन्ही लेखी घ्या. बसवण्याच्या खर्चात काय धरलंय तेही. साधारण तीन मीटर नळी मशीनबरोबर येते. वरची नळी, स्टँड, ड्रेनची नळी, भिंतीला भोक यांचे पैसे वेगळे लागतात आणि ते ऐकून लोक दारात वाद घालतात. कंपनी निवडताना मी तरी एकच कसोटी लावेन. तुमच्या तालुक्यात तिचं सर्व्हिस सेंटर आहे का आणि मेमध्ये तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांत येतो, हे शेजाऱ्यांना विचारा.

वायफाय, हवा शुद्ध करणारे थर, चार दिशांना फिरणाऱ्या पट्ट्या यांसाठी जादा पैसे देऊ नका. झोपायच्या खोलीसाठी इनडोअरचा आवाज किती डेसिबल, हा त्याहून कामाचा आकडा आहे.

घरी आल्यावर

जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू केले की आपोआप २४ अंशांवर येतात. २६ वर ठेवा आणि छताचा पंखा एक-दोनवर लावा. बहुतेकांना तेवढं पुरतं, आणि प्रत्येक अंश वर नेल्याने साधारण सहा टक्के वीज वाचते. १८ वर ठेवून खोली लवकर गार होत नाही. सकाळी खिडक्या उघडून रात्रभराची कोंदट हवा जाऊ द्या. फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. घरातलं कुणीही ते करू शकतं. वर्षातून एकदा, होळीच्या आधी सर्व्हिसिंग करा आणि कोकणात असाल तर दुसऱ्यांदा पावसाळा संपल्यावर.

दोन-तीन वर्षांनी कुणीतरी येऊन म्हणेल, "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." गॅस वापराने संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत असतो, आणि कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. आधी गळती दाखवायला सांगा. साबणाच्या पाण्याचा फेस जोडांवर लावला तरी बुडबुडे दिसतात. ती बुजवून झाल्यावर पुन्हा व्हॅक्यूम करायचा आणि मग गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. किती ग्रॅम भरायचा हे आउटडोअर युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं.